हॅकरच्या हातातला लॅपटॉप काढा, त्याला फोन द्या

प्रति,
मराठी चित्रपट, मालिका आणि वेबसिरीज लिहिणारे सर्व लेखक-दिग्दर्शक

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात माजलगावला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. संध्याकाळी त्याच खोलीत संगणकाचा क्लास भरतो. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, लाडक्या बहिणीची केवायसी, दिवसभर हेच चालू असतं. मधूनच कुणीतरी खुर्ची जवळ ओढतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, "भाऊ, एक काम होतं. जरा हॅक करून देता का?"

कुणाला बायकोचं व्हॉट्सॲप बघायचं असतं, कुणाला पोराचे बारावीचे मार्क वाढवून हवे असतात. एका बहाद्दराला भावकीच्या वादातला फेरफारच बदलून पाहिजे होता. मी नाही म्हटलं की माणूस हिरमुसतो. चार-चार कॉम्प्युटर मांडून बसलाय आणि याला एवढंही येईना, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. जाताना एक वाक्य टाकून जातो, "पिक्चरात तर दोन मिनिटांत करतेत की!" म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमचा हॅकर मला आता तोंडपाठ झालाय. अंधारी खोली, डोक्यावर हूडची टोपी (आमच्याकडच्या मे महिन्यात बिचारा कसा बसत असेल देव जाणे), काळ्या स्क्रीनवर धावणारी हिरवी अक्षरं. माउसला तो शिवत नाही, नुसता कीबोर्ड बडवतो. तांबड्या अक्षरांत ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. मग एक पट्टी सरकत सरकत नव्व्याण्णव टक्क्यांवर अडते, संगीत चढतं, जिन्यात पोलिसांचे बूट वाजतात आणि पट्टी भरते. हे आपल्याकडचं पीक नव्हे, बियाणं हॉलिवूडचं. २००१ च्या ‘स्वोर्डफिश’मध्ये नायकाच्या डोक्याला पिस्तूल लावून त्याला साठ सेकंदांत सरकारी यंत्रणा फोडायला लावतात. ‘एनसीआयएस’ या अमेरिकन मालिकेत तर हल्ला परतवायला दोघं जण एकाच कीबोर्डवर चार हातांनी टाइप करतात. त्या प्रसंगाला लोक आजही हसतात. आपल्याकडे असल्या प्रसंगाला कुणी हसत नाही, उलट माना डोलावतात, ही माझी पहिली तक्रार.

करमणुकीत थोडं इकडचं तिकडे होणारच, हे मला मान्य आहे. नायकानं एका ठोशात दहा जण लोळवले तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की असं होत नसतं, कारण भांडणं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. बसस्टँडवर रोज एक असतंच. कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते मात्र माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही जे दाखवाल तेच त्यांना ठाऊक असतं, आणि तेवढ्याच भांडवलावर ती माणसं रोज फोन उचलतात.

एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त गुरुजी. त्यांना नोव्हेंबरात फोन आला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. बोलणारा पोरगा शुद्ध मराठीत, दर वाक्याला ‘सर’ म्हणत बोलला. म्हणाला, सर, या वयात तुम्ही बँकेत कशाला हेलपाटे घालता, मी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतो, ती उघडा, दाखला घरबसल्या होईल. फाइल एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं ॲप. फोननं विचारलं, या ॲपला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का? गुरुजींनी ‘होय’ दाबलं. त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर येत होता आणि तिकडे परस्पर पोचत होता.

पैसे गेले त्याचं मला वाईट वाटलंच. पण खरा हादरलो ते त्यांच्या पुढच्या बोलण्यानं. म्हणाले, "तो पोरगा लई चांगला होता हो. ह्या हॅकरनं मधीच डल्ला मारला. त्या पोराला परत फोन लावावा का, तो काही मदत करील?"

त्यांच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होती. गोड बोलणारा पोरगा एक आणि हॅकर दुसरा, कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीत बसलेला, टोपीवाला. हे डोक्यात घातलं कुणी? शाळेनं नाही, बँकेनंही नाही. रोज रात्री साडेआठला टीव्हीवर येता ते तुम्ही.

शिवाय ते चार दिवस उशिरा आले. एवढ्या हुशार माणसानं नेलेत म्हटल्यावर आता काय होणार, असं समजून घरीच बसले, कुणाला बोलले नाहीत. खरं तर पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा असतो. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवत असतात. ती वाटेत असतानाच तक्रार पोचली तर गोठवता येते. सगळा खेळ पहिल्या तास-दोन तासांचा आहे. सिनेमात मात्र पैसे ‘गायब’ होतात आणि शेवटच्या रिळात नायक एक बटण दाबून सगळे परत आणतो. पोलिसांचं तेच. नकाशावर लाल ठिपका लुकलुकतो, इन्स्पेक्टर खुणेनं सांगतो, अजून वीस सेकंद बोलत ठेवा, लोकेशन मिळतंय. फोन लागला त्या क्षणी तो कुठल्या टॉवरवरून लागला याची नोंद कंपनीकडे झालेली असते, त्यासाठी कुणाला बोलण्यात गुंतवावं लागत नाही. तरी आमची माणसं ठगाशी बोलत राहतात. का, तर पोलीस ट्रेस करत असतील!

आता तुम्ही म्हणाल, खरं दाखवलं तर कंटाळा येईल. तसं नाही. ज्यांनी खरं दाखवलं त्यांचंच टिकलंय.

१९८३ चा ‘वॉरगेम्स’ घ्या. एक शाळकरी मुलगा घरच्या कॉम्प्युटरवरून अमेरिकन लष्कराच्या यंत्रात शिरतो. शेवटाला तो सिनेमाही वाहवत जातो, यंत्र अण्वस्त्रांचा कोड एकेक अक्षरानं जुळवत बसतं, ते सोडून द्या. त्याआधीचा शाळेतला भाग बघा. मुलाला शिक्षा म्हणून ऑफिसात धाडतात आणि तिथे टेबलापाशी त्याला एका कागदावर पासवर्डांची यादी सापडते, जुने खोडून खाली नवा लिहिलेला. घरी जाऊन तो मैत्रिणीचे मार्क वाढवतो. आमच्या तालुक्यात मॉनिटरला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली किती टेबलं दाखवू तुम्हाला? पुढे त्याचा कॉम्प्युटर टेलिफोनचे नंबर ओळीनं फिरवत राहतो आणि पलीकडे कुठे कॉम्प्युटर उचलतो का बघतो. ही युक्ती खरी होती आणि या सिनेमावरूनच तिला पुढे वॉर डायलिंग हे नाव पडलं. त्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो सिनेमा पाहिला आणि सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? चौकशीअंती उत्तर आलं, परिस्थिती याहून वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये संगणकांच्या सुरक्षेवरचा राष्ट्राध्यक्षांचा पहिला मोठा आदेश निघाला. एका सिनेमानं सरकार हललं, आणि तुम्ही म्हणता सिनेमा सिनेमाच असतो!

२०१५ ची ‘मिस्टर रोबॉट’ ही मालिका तर या धंद्यातली माणसं वाखाणतात. त्यातही हूडवाला पोरगा आहे, नाही असं नाही. पण पहिल्याच भागात तो काय करतो? ज्याचं खातं फोडायचंय त्याला फोन करतो. बँकेच्या फसवणूक विभागातून बोलतोय, तुमच्या खात्यात गडबड दिसतेय, जरा खात्री करायचीय, पत्ता सांगा, आवडता संघ सांगा, पाळलेल्या प्राण्याचं नाव सांगा. त्या उत्तरांच्या जोडण्या करून पासवर्ड निघतो. हा फोन माजलगावात रोज कुणाला ना कुणाला येतो. पुढे एका भागात घातक प्रोग्रॅम भरलेले पेनड्राइव्ह मुद्दाम जमिनीवर टाकून ठेवतात आणि कुणी उचलून कॉम्प्युटरला लावतो का याची वाट बघतात. एक पोलीसच लावतो. इतकं साधं, पण बघताना खुर्चीला खिळून बसतो माणूस. आपल्याकडे २०२० ची ‘जामतारा’ ही हिंदी वेबसिरीज याच वाटेनं गेली. तिथली पोरं झाडाखाली बसून फोन लावतात आणि सगळं नाट्य त्या बोलण्यात आहे. मराठीत असं काही मला अजून दिसलेलं नाही.

कथा पाहिजेत ना? एक पुण्यातलीच घ्या. ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेच्या स्विचला, म्हणजे व्यवहाराला होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेला विचारतं, देऊ का पैसे? चोरांनी मध्ये आपला खोटा स्विच बसवला आणि तो सगळ्यांना होय म्हणत सुटला. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी नोटा बाहेर आल्या, दोन दिवसांनी आणखी काही कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटी. ज्यानं आत शिरून स्विच बदलला तो एक माणूस झाला. पण कार्डांची चळत खिशात घेऊन कोल्हापुरात एटीएमपुढे उभी राहिलेली पोरं? त्यांना कुणी गाठलं, किती टक्के कबूल केले, पाठीमागे रांगेत उभ्या म्हाताऱ्यानं "अहो, किती वेळ?" म्हटलं तेव्हा त्यांच्या छातीत काय झालं असेल? २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. माझ्या मते हा सिनेमा त्या रांगेचा आहे, सर्व्हर रूमचा नाही.

दुसरी बांगलादेशची, फेब्रुवारी २०१६. मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कला ठेवलेले जवळजवळ शंभर कोटी डॉलर पळवायचा डाव होता. चोर आत कसे शिरले? नोकरीच्या अर्जाची ईमेल धाडून, आणि तेही वर्षभर आधी. वर्षभर ते आत गुपचूप बसून होते. वेळ साधली गुरुवारी रात्रीची, कारण ढाक्यात शुक्रवारी सुट्टी. बांगलादेशचं ऑफिस उघडेपर्यंत न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहाराचे कागद छापणारा प्रिंटर बंद पडला होता, लोकांना वाटलं, नेहमीचंच. शेवटी ८ कोटी १० लाख डॉलर गेलेच. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी मात्र वाचले, कारण चोरांनी ‘फाउंडेशन’ शब्दाचं स्पेलिंग चुकवलं आणि वाटेतल्या बँकेला शंका आली. बंद प्रिंटर आणि चुकलेलं स्पेलिंग! आमच्या तहसिलीत हा सिनेमा हाउसफुल्ल जाईल.

इतकं लांब जायचं नसेल तर माझ्या टेबलावर या. ऊस तोडून आलेली बाई पैसे काढायला येते. अंगठा मशीनवर ठेवते, मशीन म्हणतं, जुळत नाही. कोयत्यानं आणि उसाच्या पाचटानं बोटांच्या रेघा झिजून गेलेल्या असतात. ती पदरानं अंगठा पुसते, फुंकर मारते, परत ठेवते. मी म्हणतो, आक्का, दुसरं बोट लावून बघू. ते लागत नाही, तिसरं लागत नाही. स्वतःच्या पैशासाठी ती दहाही बोटं लावून बघते. आणि याच देशात इतर राज्यांत ठगांनी जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलले, रबराचे ठसे केले आणि ते मशीनला लावले. ते जुळले. आधारवरून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा पुरतो, ओटीपी लागत नाही. बोटांचे ठसे आधारमध्ये लॉक करून ठेवता येतात, पण ही सोय आहे हेच बहुतेकांना माहीत नाही. जिवंत बोट नाकारणारं आणि रबर ओळखणारं यंत्र: यावर दोन तासांचा सिनेमा होत नसेल तर कशावर होईल मला सांगा.

आता जरा कडू बोलतो. ठग तुमच्याकडूनच शिकलेत. ‘डिजिटल अरेस्ट’ बघा. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला साहेब, पाठीमागे अशोकस्तंभ, टेबलावर झेंडा, बाजूला वायरलेसची खरखर. तुमच्या नावानं ड्रग्जचं पार्सल सापडलंय, कॅमेरा बंद करू नका, खोलीबाहेर जाऊ नका, कुणाला सांगू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावं लागलं की अशी कुठलीही अटक कायद्यात नाही. पण लोकांनी विश्वास का ठेवला? तो सेट त्यांनी शंभर वेळा पाहिलाय. खऱ्या पोलीस ठाण्यात ट्यूबलाइट मिचमिचते, पंखा कुरकुरतो आणि साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. कॉलवरची खोली तुमच्या सिनेमातल्या ठाण्यासारखी होती, म्हणून ती खरी वाटली. ‘तुमचा फोन हॅक झालाय, आम्ही वाचवतो’ म्हणत स्क्रीन शेअर करायला लावणारेही तुमच्या टोपीवाल्याचीच भीती विकतात.

आणि एक आमच्या क्लासमधला पोरगा. बारावीचा, वडील मोंढ्यात हमाल. एका साइटवर स्वतःची माहिती बघताना त्याच्या लक्षात आलं की पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची माहिती उघडते. नाव, मोबाइल नंबर, सगळं. कीबोर्ड बडवला नाही, हिरवी अक्षरं नाहीत, नुसतं एक आकड्याचं दोन केलं. पळत मला सांगायला आला. आधी घरी सांगितलं होतं. आई म्हणाली, "गप बस. पोलीस नेतेत उचलून."

आई अगदीच चुकीची नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरण्याबद्दल आहे, आणि तेच बेइमानीनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड. तुझी नियत साफ होती हे सिद्ध करेपर्यंत हमालाच्या घराचं काय होईल? मी त्याला सांगितलं, आणखी आकडे बदलून बघू नको, कुणाची माहिती उतरवून घेऊ नको. अशी चूक सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेला रीतसर कळवता येते. इंग्रजीतला अर्ज लिहायला बसलो आम्ही दोघं.

तुमच्या सिनेमात या पोराला जागाच नाही. तिथे दोनच प्रकार: पैसे लुटणारा, नाहीतर इन्स्पेक्टरच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला चष्मेवाला, ज्याला दोनच वाक्यं असतात. चूक शोधून मालकाला सांगणारी जमात पडद्यावर नाही. ती जमात खरी आहे, आणि पोट भरतं त्यावर. २०१६ मध्ये आनंद प्रकाश या तरुणाला फेसबुकनं १५ हजार डॉलर दिले. पासवर्ड विसरलं की सहा आकडी कोड येतो. चुकीचे कोड टाकत राहिलं तर मुख्य साइट थांबवते, पण कंपनीच्या चाचणीच्या साइटवर ते थांबवणं राहून गेलं होतं. म्हणजे सगळे आकडे एकेक करून टाकून बघता येत होते. त्यानं ते कंपनीला कळवलं. एवढीच गोष्ट आहे, पण आमच्या पोराच्या आईला मी हीच सांगितली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला. तुम्ही सांगितली असती तर लाखो आयांना पोचली असती.

मागणी फार मोठी नाही. सिगारेटसारखी पडद्याच्या कोपऱ्यात पाटी लावा असं मी म्हणत नाही, ती कुणी वाचत नाही. हाणामारीला फाइट मास्टर ठेवता तसा या प्रसंगांना एखादा जाणकार ठेवा. कॉलेजचे शिक्षक चालतील, सायबर ठाण्यातला हवालदारही चालेल, त्याच्याकडे तर गोष्टींचा खजिना असेल. हॅकरला चांगलं बोलता येऊ द्या. त्याला आमची भाषा येऊ द्या, ‘मावशी’, ‘काका’ म्हणू द्या. त्याला वाट बघू द्या. फसलेल्या माणसाला बावळट दाखवू नका. फसणारे गुरुजी, डॉक्टर, बँकेतून रिटायर झालेले साहेब, सगळे असतात. आणि कुणी फसलंच तर दुसऱ्या मिनिटाला त्याच्या बायकोला १९३० फिरवताना दाखवा, सुरावट चढवायला तो मिनिट काही वाईट नाही.

पटकथेचा कच्चा खर्डा असेल तर घेऊन या. चुकीच्या ओळींवर पेन्सिलनं खुणा करून देईन. मानधन नको, श्रेयनामावलीत नाव नको. टेबलाशेजारी एक खुर्ची रिकामी असते, दिवसभर बसा, माणसं आपणहून बोलतात. फक्त जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येऊ नका. खरीप विम्याची मुदत असते, सर्व्हर बसलेला असतो आणि रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते.

कळावे,
आपला,
एक सेवा केंद्र चालक
माजलगाव, जि. बीड